मांडवातून गेलेली गाडी

१

शेणव्याच्या पोलीस पाटील जनीकाकू धसाडे यांनी सकाळचा चहा नुकता बशीत ओतला होता, तेवढ्यात अंगणात चार माणसं आणि एक निळी गाडी येऊन उभी राहिली. चहा बशीतच गार झाला. गावात चोरी झाली तर काकूंना वाईट वाटे, पण चहा गार झाला की त्यांना राग येई.

सगळ्यांच्या पुढे होता वाशिंदचा रितेश भेरे. रोज कल्याणला कामाला जाणारा हा माणूस, सुट्टीच्या दिवशीसुद्धा घाईत. त्याच्या मागे त्याचा मामेभाऊ दिपेश. दिपेशच्या घरी, म्हणजे शेणव्याच्या कमळाकर विशे यांच्याकडे, काल लग्न झालं होतं. दिपेशची बहीण मनस्वी मुरबाडला सासरी गेली होती. तिसरी होती दिपाली मेंगाळ, डोळखांबच्या वरच्या पाड्यातली, मनस्वीची शाळेपासूनची मैत्रीण. चौथा दिपालीचा बाप मंगळू. तो ओटीवर आलाच नाही, जांभळीखाली उकिडवा बसला.

"काकू, चोर सापडला," रितेश म्हणाला. "आता नुसतं पोलीस स्टेशनला जायचं. तुमी सोबत चला, म्हणजे टाइम वाचेल."

"कोनाचा?" काकूंनी विचारलं.

रितेशने मोबाइल पुढे केला. काल लग्नाच्या गडबडीत त्याची चार्जिंगची निळी गाडी, बॅटरीवरची छोटी स्कूटर, गेली होती. पण तो कच्च्या गुरूचा चेला नव्हता. गाडीला त्याने जीपीएस बसवून घेतला होता. संध्याकाळी गाडी दिसेना म्हणून त्याने मोबाइल उघडला, तर नकाशावर लाल ठिपका डोळखांबच्या डोंगरात, थेट दिपालीच्या दारात. सकाळी उठून तो आणि दिपेश वर गेले. दारात निळी गाडी उभीच होती.

"ती माझी हाय काकू," दिपाली म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते, पण ओढणीचं टोक हातात पिळून पिळून दोरी झालं होतं. "बाबांनी मुरबाडच्या बाजारातनं जुनी घेतली. दोघांच्या गाड्या सारख्याच हायत, त्याला मी काय करू?"

हेही खरंच होतं. या छोट्या गाड्यांना नंबर प्लेट लागत नाही, लायसन लागत नाही. म्हणून तर त्या पाड्यापाड्यावर जाऊन पोचल्या. आणि म्हणूनच दोन निळ्या गाड्या शेजारी उभ्या केल्या तर मालकाचीही पंचाईत व्हावी. खरेदीचं बिल रितेशच्या बायकोने कुठे ठेवलं ते तिलाच ठाऊक, आणि ती माहेरी गेलेली.

काकूंना मात्र दिपालीची काळजी लागली. दिपालीला त्या कधीपासून शाळेच्या मैदानावर पळताना बघत होत्या. पोलीस भरतीच्या यादीत यंदा तिचं नाव लागलं होतं. पाड्यातली पहिली पोरगी. आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती. ती आज-उद्याच व्हायची. अशा वेळी नावावर चोरीचा गुन्हा लागला की संपलं. मागाहून निर्दोष सुटली तरी जागा तिच्यासाठी थांबणार नव्हती.

"रितेश, मला दिवस मावळेपर्यंत वेळ दे," काकू म्हणाल्या.

"कशाला? जीपीएस काय खोटं बोलतो?"

"खोटं नाय बोलत. पण बोलतो तरी कुठं? नुसता बोट दाखवून गप्प बसतो. तुज्या गाडीची किल्ली हाय ना? लाव बघू हिला."

रितेशने खिशातून किल्ली काढली, गाडीला लावली, डावीकडे जोर केला, उजवीकडे जोर केला. किल्ली काही फिरली नाही.

२

"लॉक बदललं आसंल हिनं," दिपेश लगेच म्हणाला.

"काल दुपारनंतर नेली म्हनता, आणि सकाळी तुमी दारात. एवढ्यात त्या डोंगरात लॉकवाला कुठून आला रे?" काकू म्हणाल्या. दिपेशने मान खाली घातली. रितेश म्हणाला, लॉक बदलायला वेळ तो किती लागतो. पण आता त्याच्या आवाजातली घाई थोडी कमी झाली होती.

काकूंनी बाकीच्यांना अंगणात बसवलं आणि रितेशला ओटीवर घेऊन सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

हळदीच्या दिवशी तो वाशिंदहून गाडीवर आला. इतक्या लांब आल्यावर बॅटरी उतरणारच. पण लग्नघरी त्याची चिंता नसते. आमच्याकडे हल्ली मांडव पडला की मांडववाल्याच्या जनरेटरला एक लांब बोर्ड जोडतात, आणि ज्याची त्याची चार्जिंगची गाडी असेल तो सीट उचलून बॅटरी काढतो, बोर्डाला लावतो आणि हळदीत नाचायला मोकळा होतो. डोंगराकडच्या लोकांना तर हे आमंत्रणाइतकंच महत्त्वाचं, कारण वर पाड्यावर वीज कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नाही. रितेशनेही तेच केलं. सकाळी बॅटरी बसवली आणि गाडी मांडवात, रुखवताच्या टेबलाला खेटून लावली.

"रुखवताजवळ का?"

"बायका तिथनं हलत नायत काकू. त्याच्याहून सेफ जागा कुठली?" आणि तो जरासा हसलाही. "मामींनी तर रुखवताबरोबर माज्या गाडीला पण हळदीकुंकू लावलं. झेंडूचा हार घातला हँडलला. मी म्हटलं, असू दे, शुभ हाय."

"म्हंजे अख्ख्या मांडवाच्या डोळ्यांसमोरनं गाडी गेली, आणि कोनी बघितली नाय."

"नाय."

काकू उठून अंगणात गेल्या आणि निळ्या गाडीभोवती एक फेरी मारली. मग खाली बसून दिव्याच्या खाचेत नख घालून बघितलं. हळदीचा डाग एकदा लागला की कपड्यातून जात नाही, मग प्लास्टिकच्या खाचेतून काय जाणार? इथे पिवळा कणही नव्हता. कोणी धुवून काढला म्हणावं, तर त्या खाचांमध्ये डोळखांबच्या रस्त्याची लाल धूळ महिनोन्महिन्यांची थापून बसलेली. हळद धुतली आणि धूळ ठेवली, असा चोर काकूंनी जन्मात पाहिला नव्हता.

गाडी दिपालीचीच होती, याबद्दल त्यांची खात्री झाली. पण मग रितेशच्या गाडीचा ठिपका दिपालीच्या गाडीवर कसा येऊन बसला? या एका प्रश्नापुढे काकूंची मती कुंठित झाली. आणि ठिपक्यापुढे पोलीस स्टेशनला खाचेतली धूळ कोण बघणार, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

३

दिपेशला घेऊन काकू कमळाकरांच्या दारी गेल्या. मांडव अर्धा उतरवला होता. कमळाकर लेक सासरी गेल्याच्या दुःखात आत झोपले होते आणि त्यांना उठवायची काकूंची इच्छा नव्हती.

रुखवताची जागा दिपेशने दाखवली. एका बाजूला घराची भिंत, दुसऱ्या बाजूला पेंढ्याची उडवी, मधे चिंचोळी वाट. टेम्पो उलटा आत घेतल्याच्या चाकोऱ्या मातीत खोल उमटल्या होत्या. त्या थेट रुखवताच्या टेबलापर्यंत गेल्या होत्या.

"सामान कोनी चढवलं?"

"मी," दिपेश म्हणाला. "कपाट, पलंग, भांडी, मिक्सर, एकेक वस्तू माज्या हातानं चढवली काकू. नवं सामान, ओरखडा गेला तर सासरची नावं ठेवतील. टेम्पो हलेपर्यंत मी जाग्यावरनं हललो नाय."

"आणि रितेशची गाडी?"

"ती जेवनाच्या आधी बघितली व्हती. नंतर माजं ध्यान नाय."

काकूंनी चाकोऱ्यांकडे बघितलं, मग दिपेशकडे. "मुरबाडकरांना एक फोन करून विचारू काय? त्यांची मानसं इथंच व्हती. कोनीतरी काही बघितलं आसंल."

दिपेशचा चेहरा एकदम उतरला. "नको काकू! पाया पडतो. कालच सोयरीक झाली, आणि आज आमी चोरीचं विचारायचं? मनस्वीनं तिथं तोंड कसं दाखवायचं? ठिपका दिसतोय ना, मग मुरबाडकरांचं नाव कशाला मधे?"

बोलणं अगदी भावाला शोभणारं होतं. नव्या सोयऱ्यांच्या दारात असं विचारायला कोणालाही जड जावं. काकूंनी मान डोलावली आणि फोन पिशवीत ठेवला. पण परत येताना त्या नेहमीसारख्या बोलल्या नाहीत, आणि जनीकाकू बोलत नाहीत म्हणजे आत काहीतरी शिजतंय हे अख्खं शेणवं जाणतं.

४

दिपालीला त्यांनी चुलीजवळ बसवलं आणि हातात गरम चहा दिला. तिने तो नुसता धरून ठेवला.

"काल काय काय केलंस, सांग."

"हळदीला आले तवा बॅटरी लावली चार्जिंगला. रात्रभर मनस्वीजवळ व्हती. सकाळी बॅटरी काढली, गाडीत टाकली. लग्न लागलं. पाठवनीला दोघी रडलो. मग घरी गेली." तिने चहा खाली ठेवला. "काकू, गुन्हा लागला ना, तर मी काय करू? बाबा सकाळपासून पानी नाय प्यायले."

"गुन्हा लागायचाय अजून. आठवून सांग, काल काही येगळं झालं? लहानसं काही?"

दिपालीने विचार केला. मग जरा लाजूनच म्हणाली, "काही नाय... गाडी चढाला थांबली नाय."

"म्हंजे?"

"रोज डोळखांबच्या पुढं चढ लागला की माजी बॅटरी दम टाकते. जुनी हाय ना. मी उतरते आणि वरपर्यंत ढकलत नेते. काल बसल्या बसल्या दारात पोचली. मला वाटलं, मांडवातला करंट चांगला आसंल."

काकू तिच्याकडे बघतच राहिल्या. मग त्या इतक्या मोठ्याने हसल्या की जांभळीखालचा मंगळू दचकून उभा राहिला.

रितेशकडून त्यांनी आसनगावच्या बारकू मेकॅनिकचा नंबर घेतला. त्याच्या गाडीला जीपीएस याच बारकूने बसवला होता. काकूंनी त्याला एकच गोष्ट विचारली. बारकूने उत्तर दिलं, वर त्याचं कारणही सांगितलं, आणि काकूंनी फोन ठेवताना त्याला तोंडभर आशीर्वाद दिला. त्या बिचाऱ्याला तो कशाबद्दल हे शेवटपर्यंत कळलं नाही.

५

"रितेश, इकडं ये. ही सीट उचल आणि बॅटरी काढ," काकू म्हणाल्या.

रितेशने दिपालीच्या गाडीतली बॅटरी काढली.

"आता ती घे आणि ओढ्यापर्यंत चालत जा. मोबाइल डोळ्यांसमोर ठेव. गाडी इथंच राहील, माज्या नजरेसमोर."

"काकू, हे काय नवीन?"

"जा रे. घाई असेल तर पळत जा."

रितेश एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन निघाला. बॅटरी जड, ऊन चढलेलं. ओढ्याच्या कडेला जाऊन तो थांबला आणि मोबाइलकडे बघत राहिला. मोबाइल झटकला, परत बघितलं. मग खरंच पळत परत आला.

"ठिपका ओढ्यावर आला!" तो धापा टाकत म्हणाला. "गाडी इथं, आणि ठिपका माज्याबरोबर!"

"येनारच. बारकूनं जीपीएस गाडीला बसवलाच नाय. बॅटरीच्या पेटीत बसवलाय. तो म्हनतो, चोर गाडी टाकून देईल पन बॅटरी नाय टाकनार, तिलाच तर बाजारात मोल. पोरगा हुशार हाय. पन हळदीच्या बोर्डाला सगळ्यांच्या बॅटऱ्या एका रांगेत लागतात हे त्याच्या ध्यानात नाय आलं. तुमच्या दोघांच्या गाड्या सारख्या, तशा बॅटऱ्या पन सारख्या. पंगतीतनं उठल्यावर चपला बदलतात की नाय? तसं झालं. हिनं सकाळी तुजी बॅटरी उचलली आणि तू हिची. तुज्या दमदार बॅटरीवर हिची गाडी चढ चढली, आणि तुजा ठिपका हिच्या दारात जाऊन बसला."

दिपालीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

रितेशने मात्र डोकं खाजवलं. आता त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता गोंधळ होता. "म्हंजे हिनं नाय नेली. कबूल. मग काकू, माजी गाडी गेली कुठं?"

"ते मला कशाला विचारतोस?" काकू म्हणाल्या. "दिपेशला विचार. त्याला कालपासून ठाव हाय."

६

दिपेश एक पाऊल मागे सरकला.

"दिपेश, तू मला काय सांगितलंस? टेम्पो हलेपर्यंत जाग्यावरनं हललो नाय," काकू म्हणाल्या. "रितेशची गाडी रुखवताला खेटून उभी. टेम्पोच्या चाकोऱ्या थेट रुखवतापर्यंत. एका बाजूला भिंत, दुसरीकडं उडवी. गाडी काढल्याबिगर टेम्पो आत येतो कसा? म्हंजे गाडी तुज्या समोर हलली. आणि तू म्हनतोस, ध्यान नाय."

काकू दोन पावलं पुढे आल्या.

"मी सकाळपासून चोर शोधत व्हते, तिथंच माजं चुकलं. चोर लपून नेतो. ही गाडी वाजतगाजत गेली, म्हनून तर कोनाला दिसली नाय. हळदीकुंकू लावलेली, हार घातलेली, बिननंबरची गाडी रुखवतात उभी. मुरबाडकरांना काय वाटनार? नवरीचं आंदन! चढवली टेम्पोत. व्हय ना?"

दिपेश ओटीच्या पायरीवर मटकन बसला. "मी दोर आनायला घरात गेलो व्हतो काकू, तेवढ्यात त्यांच्या पोरांनी उचलून आत ठेवली. मी आलो तर मनस्वीची सासू सगळ्यांना सांगत व्हती, बघा, आमच्या सुनेनं गाडी आनली. चार बायका माज्या बहिनीची अलाबला घेत व्हत्या. तिथं मी कसं म्हनू, उतरवा ती, ती आमची नाय? मनस्वीची पहिल्याच दिवशी काय शोभा झाली असती?"

"आणि मला का नाय सांगितलंस?" रितेश ओरडला.

"सांगनार व्हतो दादा. मागाहून गुपचूप काहीतरी जमवू म्हटलं. पन तू मोबाइल उघडलास आणि ठिपका डोळखांबला निघाला. मलाच कळंना, गाडी मुरबाडला गेलेली, आणि ठिपका डोंगरात कसा. वाटलं..." तो अडखळला. "वाटलं, देवानंच वाट काढून दिली."

काकूंनी पिशवीतून फोन काढला, मनस्वीला लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला. दिपेशने डोळे मिटून घेतले.

काकूंनी नीट समजावून सांगितलं. पलीकडे मनस्वी खळखळून हसली. "तरी मी म्हनते, बाबांनी गाडी घेतली आणि मला सांगितलं कसं नाय!" तेवढ्यात तिच्या हातातून फोन सासूने घेतला.

"अगोबाई, ती पावन्यांची गाडी?" सासूचा आवाज अख्ख्या अंगणात घुमला. "आमी सकाळपासून किल्ली शोधतोय! पोरांनी कपाटाखाली बघितलं, पलंगाखाली बघितलं. आमचे हे म्हनतात, विशेबुवांनी मुद्दाम कोडं घातलं! मेली माजीच जीभ, सगळ्या गावाला सांगून बसले." ती स्वतःच हसत सुटली. "आत्ता टेम्पोत घालून पाठवते हो. रिकामी नाय पाठवनार, नारळ ठेवते. आणि आमच्या सुनेला कोनी काय बोलनार नाय, पावन्यांना सांगा."

फोन ठेवल्यावर रितेशही हसायला लागला. इतकं हसला की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच ओल्या डोळ्यांनी दिपालीसमोर येऊन उभा राहिला. "सॉरी गो. मी मोबाइल बघितला आणि मानूस नाय बघितला. तुज्या पाड्यावर येऊन सगळ्यांसमोर बोललो, तसंच उद्या येऊन सगळ्यांसमोर सांगेन."

"उद्या नाय. आजच," काकू म्हणाल्या. रितेशने घड्याळाकडे न बघता मान हलवली.

दिपेश पायरीवरून उठला. त्याने हात जोडले. दिपालीने त्याच्याकडे बघितलं. लहानपणापासून ती त्याला दादा म्हणत होती, आणि रक्षाबंधनाला मनस्वीच्या राखीशेजारी तिचीही राखी असे.

"मनस्वीला एक दिवस मान खाली घालावी लागंल, म्हनून तू घाबरलास," ती म्हणाली. "मला जन्मभर घालावी लागली असती. ते तुला चाललं, दादा?"

दिपेशला रडू कोसळलं. तिने त्याला रडू दिलं. मग ती वळली आणि जांभळीखाली गेली. मंगळू अजून तिथेच उभा होता. मोबाइल, ठिपका, बॅटरी यातलं त्याला फारसं काही कळलं नव्हतं. तो फक्त लेकीच्या चेहऱ्याकडे बघत होता.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं बाबा. सुटलो आपन."

मंगळूने दोन्ही हातांनी तिचं तोंड कुरवाळलं. तो हसत होता.

"चल मग घरी," तो म्हणाला. "तुज्या आयशीनं सकाळपासून चूल नाय पेटवली."